रांग मोडण्याचे पैसे

२८ डिसेंबर २०१५ रोजी फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांचा एक लेख 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापून आला. त्या लेखात महाराष्ट्रातला एक शेतकरी होता. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' या फुकट सेवेवर त्याला पावसाचा अंदाज कळू लागला, शेतमालाचे भाव कळू लागले, आणि त्या बळावर तो नवी पिकं आणि जनावरं घेऊ लागला, अशी ती गोष्ट. गोष्ट खोटी होती असं म्हणण्याचं कारण नाही. पण फुकट काय होतं, तर कंपनीने दाराशी उभं राहून आत घेतलेल्या मोजक्या साइट. बाकीचं इंटरनेट पैसे भरूनच. इंटरनेट सगळ्यांना सारखं असावं की नाही या वादात आपला शेतकरी साक्षीदार म्हणून उभा केला गेला, त्याची उलटतपासणी मात्र कोणी घेतली नाही. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, कोणती साइट उघडली यावरून डेटाचा दर वेगळा लावायला बंदी घातली आणि नियम मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत दंड ठेवला. २०१८ साली केंद्र सरकारने कंपन्यांच्या परवान्यातच अट घातली की कोणतीही साइट अडवायची नाही, मुद्दाम मंद करायची नाही आणि कोणाला जास्तीचा वेगही द्यायचा नाही. प्रकरण मिटलं असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं.

ते मिटलेलं नाही, त्याने फक्त अंगावरचे कपडे बदलले. आता ग्राहकाला काही फुकट देण्याची भाषा नाही. आता दूरसंचार कंपन्यांचं म्हणणं असं आहे की यूट्यूब, नेटफ्लिक्स, व्हॉट्सअ‍ॅप यांच्यामुळे आमच्या तारा आणि टॉवर भरून वाहतात, तेव्हा त्यांनी आम्हाला जाळ्याच्या खर्चाचा 'वाजवी वाटा' द्यावा. मोबाइल कंपन्यांची संघटना असलेल्या सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशनने ही मागणी लावून धरली आहे, आणि एरवी एकमेकींचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्या या एका मुद्द्यावर एका सुरात बोलतात. त्याच्या जोडीला फाइव्ह-जीचं नवं तंत्र आहे. त्यात एकाच जाळ्याचे वेगवेगळे पदर पाडून प्रत्येक पदराला वेगळा वेग देता येतो, म्हणजे जलद रस्ता विकणं आता तांत्रिकदृष्ट्याही सोपं झालं आहे. वरवर पाहता हे दोन धनदांडग्यांमधलं भांडण आहे. कॅलिफोर्नियातल्या कंपनीने मुंबईतल्या कंपनीला चार पैसे दिले तर यवतमाळकराच्या पोटात का दुखावं? माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. हा करार कुठेही झाला तरी त्याची किंमत सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी अशा यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्यांत वसूल होते.

त्याचं कारण जाळ्याच्या रचनेतच आहे. प्राधान्य ही वस्तू फक्त जिथे गर्दी असते तिथेच विकता येते. रस्ता मोकळा असेल तर पुढे काढून देण्याला काही अर्थ उरत नाही. मुंबई-पुण्यात घरापर्यंत फायबर आलेली असेल तर कोणत्या साइटला आधी सोडलं आणि कोणत्या साइटला मागे ठेवलं, हे ग्राहकाला कळणारही नाही. दोन्ही क्षणात उघडतील. पण ज्या गावात तीन-चार वस्त्या मिळून एकच टॉवर आहे, तोही फायबरने नव्हे तर रेडिओ लहरींनी पुढच्या टॉवरशी जोडलेला, तिथे संध्याकाळी सगळे मोबाइल एकदम सुरू झाले की उपलब्ध क्षमता वाटूनच घ्यावी लागते. एकाला जास्त दिलं की ते दुसऱ्याच्या वाट्यातून जातं. कापसाच्या हंगामात खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागते, तेव्हा आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आत वजनकाटा एकच असतो. एखाद्याने पैसे देऊन आपली गाडी पुढे घेतली तर काटा जलद चालत नाही. फक्त मागच्याचा मुक्काम एका रात्रीने वाढतो आणि त्याचं गाडीभाडं चढतं. म्हणजे विकला जातो तो वेग नसतोच, दुसऱ्याचा उशीर विकला जातो. आणि एकदा उशिराला बाजारभाव मिळाला की रांग संपवण्यात कोणाचा फायदा उरतो, हाही प्रश्न आहे. दुसरा काटा बसवला तर पुढे घेण्याचे पैसे कोण देईल?

आता या रांगेत मागे कोण राहील ते पाहू. यूट्यूब राहणार नाही. त्यांच्याकडे पैसा आहे. मागे राहील पांढरकवड्याच्या बाजारातले भाव टाकणारी एखादी लहान साइट, पुसदच्या शिकवणीवाल्याचे धडे, वणीहून चालणारं स्थानिक बातम्यांचं पोर्टल, आणि उद्या कोणी कोलामी बोलीत पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, मुलांसाठी काही करू पाहील तर तेही. या लोकांना कोणी अडवणार नाही. त्यांचं पान फक्त चार-सहा सेकंद उशिरा उघडेल, आणि हातातला मोबाइल तेवढा वेळ थांबत नसतो. याच जिल्ह्याच्या इतिहासात याचं उलट उदाहरण आहे. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ च्या सुमारास यवतमाळातून 'लोकमत' हे साप्ताहिक सुरू केलं, तेव्हा अंक गावोगाव पोचवायला टपालखातं होतं. नोंदवलेल्या वृत्तपत्राला टपालाचा सवलतीचा दर होता आणि तो वजनावर ठरत होता. पुण्याचा 'केसरी' असो की वऱ्हाडातलं नवं साप्ताहिक, अंकाचं वजन सारखं तर तिकीट सारखं. मोठ्या पत्राने जादा पैसे भरून आपला गठ्ठा आधी वाटून घ्यायची सोय त्या दरपत्रकात नव्हती. परकं सरकार वृत्तपत्रांवर खटले भरत होतं, जामीन मागत होतं, हे खरंच. पण पोस्टमन कोणाचं पत्र आधी टाकील याचा लिलाव त्यानेही मांडला नाही.

रेल्वेने मात्र दुसरा धडा घालून दिला, आणि तोही यवतमाळला जवळून माहीत असलेला. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी शकुंतला ही अरुंद लोहमार्गाची गाडी खाजगी ब्रिटिश कंपनीच्या मालकीची होती. इथला कापूस त्या गाडीने मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या लाइनीने मुंबईच्या बंदरात आणि पुढे विलायतेच्या गिरण्यांत, असा प्रवास होता. १८९० च्या रेल्वे कायद्याने एका व्यापाऱ्याला किंवा एका प्रकारच्या मालाला गैरवाजवी झुकतं माप द्यायला कंपन्यांना मनाई केली होती. तरीही प्रत्यक्षात दर असे लावले जात की बंदराकडे जाणारा कच्चा माल आणि बंदरातून येणारा तयार माल स्वस्तात जावा, आणि देशातल्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मालाला तुलनेने जास्त भाडं पडावं. १९१६ ते १८ च्या औद्योगिक आयोगाने या दरांवर बोट ठेवलं. त्यानंतर अ‍ॅकवर्थ समितीने दरांच्या तक्रारींसाठी न्यायाधिकरण सुचवलं, आणि १९२६ साली त्याऐवजी नुसती सल्लागार समिती आली. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात कापडाचे कारखाने का वाढले नाहीत याची कारणं अनेक आहेत. वाहतुकीचा दर हे त्यातलं एक होतं. रूळ कोणाच्या मालाला झुकतं माप देतात यावरून कोणत्या गावात काय उभं राहील हे ठरतं. यवतमाळने पिकवायचं आणि तयार माल बाहेरून यायचा, ही वाटणी इंटरनेटवरही होऊ शकते. मोबाइलच्या पडद्यावर यवतमाळकर फक्त पाहणारा राहील आणि दाखवणारे सगळे दुसरीकडचे असतील.

यावर कंपन्यांचा पहिला आक्षेप असा की इतका मोठा बोजा टाकणाऱ्याने काहीच का देऊ नये. वाजवी वाटतो, पण त्यातलं एक गृहीत चुकीचं आहे. यूट्यूब आपणहून यवतमाळच्या टॉवरवर काही टाकत नाही. इथला ग्राहक मागतो तेव्हाच ते येतं, आणि त्या मागणीचे पैसे ग्राहकाने रिचार्ज करताना कंपनीला दिलेले असतात. शेतकऱ्याने एसटीत बसून बाजाराला जायचं तिकीट काढलं, तर महामंडळ बाजार समितीकडे प्रवासी आणल्याचं बिल पाठवत नाही. युरोपात दूरसंचार कंपन्यांनी हीच मागणी केली तेव्हा तिथल्या नियामकांच्या संयुक्त संस्थेने २०२२ च्या प्राथमिक पाहणीत, साइटवाल्या कंपन्या जाळं फुकट वापरतात असा पुरावा नाही, असं नोंदवलं. अमेरिकेत २०१४ च्या सुरुवातीपर्यंत कॉमकास्टच्या ग्राहकांना नेटफ्लिक्स कित्येक महिने मंद दिसत होतं. फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने पैसे द्यायचा करार केला आणि वेग सुधारला. ज्या सांध्यावर दोन जाळी जुळतात तो सांधा रुंद केला नाही की पुरे, वेगळं काही मंद करावं लागत नाही. म्हणून 'आम्ही वेग विकत नाही, नुसता वाटा मागतो' या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. वाटा न देणाऱ्याचा सांधा अरुंद राहतो. दक्षिण कोरियाने तर माल पाठवणाऱ्याच्या जाळ्याने पैसे द्यावेत हे तत्त्व नियमातच आणून पाहिलं. ट्विच ही व्हिडिओ दाखवणारी कंपनी, तीही अ‍ॅमेझॉनच्या मालकीची, तिथे आधी चित्राचा दर्जा उतरवून बसली आणि २७ फेब्रुवारी २०२४ रोजी गाशा गुंडाळून गेली. इतर बहुतेक देशांपेक्षा इथला जाळ्याचा खर्च दहापट आहे, असं कारण तिच्या प्रमुखाने दिलं. अ‍ॅमेझॉनला जे झेपलं नाही ते वणीच्या पोर्टलला झेपेल का?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो आपल्याच नावाने केला जातो. खेड्यात टॉवर उभारणं तोट्याचं आहे, मोठ्या कंपन्यांकडून पैसा आला तर तो तिथे लागेल, असं सांगितलं जातं. तोट्याचं आहे हे मान्य. पण त्या तोट्याची तजवीज या देशात आधीच केलेली आहे. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातले ५ टक्के खास ग्रामीण आणि दुर्गम भागासाठी काढले जातात. त्या निधीचं नाव आता 'डिजिटल भारत निधी' आहे. त्यात हजारो कोटी रुपये वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिले, ही जुनी तक्रार आहे. गोळा झालेला पैसा खेड्यापर्यंत पोचत नसताना नव्या नळाने आलेला पैसा पोचेल, तेही कोणत्याही बंधनाशिवाय, हे कशावरून मानायचं? शिवाय ही भाकितं एकदा तपासून झाली आहेत. फ्री बेसिक्स बंद केलं तर गरीब माणूस इंटरनेटपासून तुटेल, असं २०१६ च्या सुरुवातीला सांगत होते. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं, डेटाचे भाव कोसळले, आणि गरीब माणूस अख्ख्या इंटरनेटवर आला, निवडून दिलेल्या कोपऱ्यात नव्हे. ते काम स्पर्धेने केलं. आता त्या स्पर्धेत मोजक्याच कंपन्या उरल्या आहेत आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले. ग्राहकाकडून जास्त घेण्याची ताकद हाती असताना साइटवाल्यांकडूनही घ्यायची भूक लागते, ती गरजेपेक्षा सोयीची वाटते.

एक गोष्ट मात्र कंपन्यांच्या बाजूने कबूल केली पाहिजे. सगळा मजकूर सारखाच घाईचा नसतो. उपजिल्हा रुग्णालयातून नागपूरच्या डॉक्टरला दाखवलेला रुग्णाचा आलेख आणि कोणाची तरी रील यांना एकाच रांगेत ताटकळत ठेवावं, असं नियमही म्हणत नाही. २०१८ च्या अटीत आणीबाणी आणि विशेष सेवांना वगळलेलं आहे, गर्दी आवरण्यासाठी वाजवी उपाय करायची मुभाही आहे. तसंच मोठ्या साइट आपल्या मजकुराच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर आधीच ठेवतात, त्यासाठी पैसे मोजतात, आणि त्यामुळे त्या जलद उघडतात. तेही पैशाने घेतलेलं सुखच आहे. फरक एवढाच की आपलं गोदाम बाजाराजवळ बांधणारा दुसऱ्याची गाडी मागे ढकलत नाही, उलट त्याच्यामुळे लांबच्या रस्त्यावरची गर्दी कमी होते. ही रेघ नेहमी स्वच्छ राहील असं नाही. २०२० साली एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी महागड्या योजनेच्या ग्राहकांना जास्त वेग देऊ केला, तेव्हा ट्रायला हात घालावा लागला आणि प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं. तिथे साइटचा नव्हे, माणसाचा भेद होता. पण एकाच टॉवरवर स्वस्त रिचार्जवाल्याच्या वाट्याला काय उरेल, हा प्रश्न तोच.

आजचा नियम चांगला असला तरी तो परवान्यातली अट आहे, आणि परवान्याच्या अटी बदलायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही. १८९० च्या रेल्वे कायद्यातही मनाई होतीच, भाड्याचे आकडे मात्र वेगळं बोलत होते. आपल्याला तर आकडेही दिसत नाहीत. सेवेच्या दर्जाबद्दलच्या २०२४ च्या नियमांनंतर कंपन्यांनी आपल्या जाळ्याचे नकाशे वेबसाइटवर टाकले आहेत. यवतमाळचा नकाशा उघडला की जिल्ह्यावर रंग पसरलेला दिसतो. त्या रंगाखाली संध्याकाळी आठ वाजता वेग किती असतो, कोणत्या टॉवरला फायबर आहे, कोणत्या साइटचा सांधा रुंद आणि कोणाचा अरुंद, यातलं काहीही त्यावर नाही. 'वाजवी वाटा' मागणाऱ्या कंपन्यांनी आधी हे आकडे तालुकावार मांडावेत. झरी-जामणीपासून सुरुवात केली तर बरं होईल.