तापलेल्या डोक्याचा हिशेब

दिवाळीच्या अंकात तरी काही गोडधोड लिहा, अशी घरातून सूचना आहे. पण यंदा मला सांगायचे आहे ते तापाविषयी; आणि तोही माणसाच्या नव्हे, संगणकाच्या.

आमचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होते. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून सुटे भाग आणून त्यांनी स्वतः संगणक जुळवला. त्यातला प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, ४.० गिगाहर्ट्झने चाले. सेकंदाला चारशे कोटी ठोके! डिसेंबरात चिरंजीवांनी तो ४.६ वर नेला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. छदाम खर्च न करता वेग वाढतो, हे ऐकून माझ्यातला मध्यमवर्गीय बाप सुखावला.

पाडव्याला मीही हातभार लावला. यंत्रावर धूळ बसते म्हणून सुताराकडून टेबल करून घेतले आणि संगणकासाठी त्याला दारांचे कपाट. सौ.ने वर विणलेला रुमाल घातला. चिरंजीव एवढेच म्हणाले, "बाबा, याला वारा लागतो हो."

"आणि धूळ लागत नाही वाटतं?" मी म्हणालो. विषय संपला.

मे महिन्यात, प्रकल्प सादर करायच्या आदल्या रात्री यंत्र आधी रेंगाळू लागले आणि अकराच्या सुमारास निळा पडदा दाखवून बंद पडले. दोन तासांचे काम गेले. "पळवा आणखी! हौस फिटली ना?" मी बोलून गेलो. पोरगा काही बोलला नाही. त्याने खाली वाकून कपाट उघडले. तव्यावरून यावी तशी झळ माझ्या तोंडावर आली.

मग वहीच्या मागच्या पानावर त्याने मला हिशेब मांडून दाखवला. वेग वाढला की उष्णता त्याच पटीत वाढते. पण तो वेग पेलायला विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि त्याची पट उष्णतेत वर्गाने येते. दाब १.२० व्होल्टचा १.३५ झाला, वेग वाढला १५ टक्के, उष्णता मात्र सुमारे ४५ टक्के! पूर्वी भरात काम करताना प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी अधिक तापे, तो आता ५८ अंशांनी. पंखा किती का फिरेना, तो भोवतालच्या हवेहून थंड काही करू शकत नाही. डिसेंबरात खोली २४ अंशांवर होती, बेरीज ८२. आता कपाटात कोंडलेली हवा ४२, बेरीज १००. या प्रोसेसरची मर्यादा नेमकी शंभराची. तिथे पोचला की जीव वाचवायला तो आपणहून वेग उतरवतो. म्हणजे ज्या वेगासाठी हा खटाटोप, तोच हातचा जातो. शिवाय ताणलेले यंत्र अशा तापात चुका करू लागते, ते वेगळेच.

"खोलीत किती असेल?" मी विचारले.

"चौतीस."

मी स्क्रू-ड्रायव्हर आणून बिजागऱ्या सोडवल्या. त्याने पंख्यात अडकलेली धूळ काढली, प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा कूलर यांच्यामधली वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, वेग ४.३ आणि दाब १.२५ वर आणला. आता उष्णता मूळच्यापेक्षा १७ टक्केच जास्त. म्हणजे ४७ अंश. चौतीस नि सत्तेचाळीस, एक्याऐंशी. अर्धा तास पूर्ण भार देऊन पाहिला. आकडा ऐंशीच्या आसपास थांबला, तेव्हा दोन वाजले होते. मी चहा टाकला. सकाळी आठला काम पुरे झाले.

निघताना तो म्हणाला, "चूक माझीच, बाबा. डिसेंबरात मापं घेतली, तेव्हाच मे महिन्याचा हिशेब धरायला हवा होता." कपाटाचे त्याने नावही काढले नाही.

ती दारे माळ्यावर आहेत. परवा दिवाळीच्या साफसफाईत सौ.ने विचारले, "ही रद्दीवाल्याला देऊन टाकू का?" मी म्हटले, "राहू दे." बोलण्याआधी भोवतालची हवा किती तापली आहे ते पाहावे, याची आठवण घरात असलेली बरी.