अणुभट्टीच्या कानाची कसोटी

सारंगखेडा व प्रकाशा येथील बंधारे ओलांडून तापी नंदुरबार जिल्ह्यातून उकाईच्या जलाशयात शिरते आणि तेथून सुटलेले तिचे पाणी पुढे गुजरातेतील काकरापारला पोचते. ज्या नवापूर स्थानकाच्या फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात व दुसरा गुजरातेत पडतो, त्या मुलखातील लोकांनी काकरापारच्या चार अणुभट्ट्यांची प्रकृती ही परक्या राज्याची बाब मानावी, हे मला मुळीच मान्य नाही.

११ मार्च २०१६ रोजी तेथील पहिल्या भट्टीच्या एका शीतक नळीतून जड पाण्याची गळती झाली, भट्टी आपोआप बंद पडली, आणि ती पुन्हा सुरू होण्यास २०१९ साल उजाडले. झिर्कोनियम व नायोबियम यांच्या मिश्रधातूच्या अशा ३०६ नळ्या त्या भट्टीत आहेत. प्रत्येकीची भिंत अवघी तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीची, आणि आतून सुमारे तीनशे अंश तापलेले जड पाणी प्रचंड दाबाखाली वाहणारे. त्या वर्षीच्या गळतीचे मूळ नळीच्या बाहेरच्या अंगास लागलेल्या गंजात सापडले.

कुंभाराकडून मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो. श्रवणातीत ध्वनिलहरी नळीत सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चीर व जाडी ताडण्याच्या विद्येचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने याच कामासाठी ‘बार्सिस’ ही यंत्रणा सिद्ध केली आहे. परंतु तिची तपासणी भट्टी बंद असतानाच होते, आणि भट्टी धगधगत असता आत काय घडते हे अहोरात्र ऐकायचे, तर ध्वनीच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करून ‘ऐकणारा’ स्फटिकच त्या दाहात तग धरणारा हवा. येथेच खरी अडचण आहे. नित्याच्या वापरातील लेड झिर्कोनेट टायटॅनेट साडेतीनशे अंशांच्या आसपास ज्याच्या बळावर ते ऐकते ते आपले विद्युत-ध्रुवण गमावते, न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्याच्या जालकातील अणू जागचे ढळतात, आणि स्फटिक शाबूत राहिला तरी त्यास नळीशी जखडणारा चिकट थर गॅमा किरणांनी ठिसूळ होतो. लिथियम नायोबेट उष्णता सोसतो, पण त्यातील लिथियम-६ हे समस्थानिक न्यूट्रॉन गिळून फुटते. अॅल्युमिनियम नायट्राइडची स्थिती वेगळी: त्याचे ध्रुवण बाहेरून लादलेले नसून स्फटिकाच्या घडणीतच आहे, आणि अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधन भट्टीत २०१४ साली सुरू झालेल्या दीर्घ परीक्षेत त्याने न्यूट्रॉनांचा मोठा मारा सोसूनही आपले काम सोडले नाही.

तथापि परक्या भट्टीचा दाखला आपल्या भट्टीस जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण न्यूट्रॉनांचा वर्णपट, तापमान, गोंद, तारा, सारेच बदलते. त्यामुळे ही कसोटी घरच्याच भट्ट्यांत घ्यायला हवी: ट्रॉम्बे येथे १९८५ पासून ‘ध्रुव’ ही संशोधन भट्टी आहे, २०१८ पासून नूतन ‘अप्सरा’ही आहे. शिवाय कल्पक्कम येथील शीघ्र भट्टीत शीतक म्हणून वितळलेले सोडियम असल्याने, आणि ते अपारदर्शक असल्याने, तेथे आत डोकावण्यासाठी ध्वनीवाचून तरणोपायच नाही. सबब या स्फटिकांच्या किरणोत्सार-कसोट्यांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र व सलग तरतूद व्हावी, आणि त्यांचे निष्कर्ष दप्तरात न ठेवता मराठीत व गुजरातीत जाहीर केले जावेत, ही मागणी तापीकाठच्या आमच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत मांडावी.