एक प्रिंटर, तीन संगणक

सोनपेठहून एका वाचक भगिनीनं विचारलं आहे : ‘आमच्या दुकानात विंडोजचा संगणक आहे, प्रिंटर त्यालाच जोडलाय. मुलाच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि जाऊबाईंच्या लेकीनं पुण्याहून मॅक आणलाय. बचत गटाचा हिशेब माझ्याकडे असतो. पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे नेता नेता त्याच्या तीन प्रती झाल्या, अन् तिन्हींत शिल्लक वेगळी! काय करू?’

बाई, गटातल्या बायकांनी पै-पै करून साठवलेला पैसा आहे हा. त्याची वही एकच हवी. तेव्हा पहिलं काम म्हणजे तिन्ही प्रती बँकेच्या पासबुकाशी ताडून बघा, खरी ती ठेवा. मगच पुढचं.

आता ही एक वही सगळ्यांना दिसेल कशी? संगणक वेगवेगळ्या जातीचे असले, तरी फायलींची देवघेव करायला त्यांची एक सामाईक बोली आहे. तिचं नाव एसएमबी. विंडोजला ती येते, मॅकलाही येते. लिनक्स आणि त्याच्या युनिक्स भावंडांसाठी अँड्र्यू ट्रिजेल यांनी कॅनबेरात विद्यापीठात शिकत असताना एक प्रोग्रॅम लिहिला. तो १९९२ साली बाहेर आला. नाव ठेवताना त्यांनी एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द शब्दांच्या यादीत शोधला आणि मिळाला ‘सांबा’! (‘शोले’तला नव्हे हं.) तो फुकट मिळतो.

कृती अशी :

१. तिन्ही संगणक एकाच राउटरवर, म्हणजे घरच्याच वायफायवर घ्या. विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे ना, बघा.

२. दुकानाच्या संगणकावर ‘हिशेब’ नावाचा वेगळा फोल्डर करा. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘शेअरिंग’ असतं, तिथून तो खुला करा. अख्खी डिस्क मात्र खुली करू नका. पाहुण्यांना बैठक दाखवतो, कपाट नाही!

३. त्याच संगणकावर घरच्यांसाठी पासवर्डचं वेगळं खातं काढा. मुलांना नुसतं वाचू द्या, लिहिण्याची मुभा तुमच्यापुरती ठेवा.

४. लिनक्स आणि मॅकवरून जोडताना इंग्रजीत एसएमबी, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि दुकानाच्या संगणकाचा पत्ता टाइप करा. मॅकवर ही जागा फाइंडरच्या ‘गो’ मेनूत ‘कनेक्ट टू सर्व्हर’मध्ये सापडेल.

५. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्येही ‘शेअरिंग’ आहे. मात्र त्या प्रिंटरचा ड्रायव्हर बाकीच्या संगणकांवरही लागेल. आणि दुकानाचा संगणक बंद असला, की प्रिंटरही मुका आणि फोल्डरही! नवा प्रिंटर घ्यायचाच झाला, तर वायफायचा घ्या, म्हणजे कुणाच्या संगणकावर अवलंबून राहायला नको.

आता मराठीची गंमत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला ठराव दुसऱ्या संगणकावर उघडला, की अगम्य अक्षरं दिसतात. फाइल पोचते, फॉन्ट मागेच राहतो. म्हणून युनिकोडमध्ये लिहा, नाहीतर पीडीएफ करून पाठवा. फायलीच्या नावात प्रश्नचिन्ह, कोलन किंवा तिरपी रेघ घालू नका, विंडोजला ती चालत नाही.

जुनं यंत्र जोडलं जात नाही म्हणून कुणी एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती सुरू करायला सांगेल. ऐकू नका. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’नं जगभरचे संगणक कुलूपबंद केले, ते याच जुन्या आवृत्तीतल्या फटीतून शिरून.

एक लक्षात असू द्या : फोल्डर सगळ्यांना दिसतो म्हणजे तो जपला गेला असं नव्हे. कुणी चुकून पुसलं, तर सगळ्यांचंच जातं. एका वेळी एकीनंच हिशेब लिहावा. दर आठवड्याला, गटाची बैठक झाली की, त्याची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. त्यावर तारीख घालून तो कपाटात ठेवावा. आणि महिनाअखेरीचं पान छापून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. शाईच्या सहीला अजून पासवर्ड लागत नाही!