डीपीची चाचणी घ्यायची कोणी?

शेतीपंपांना बसवलेले ऑटोस्विच काढून टाका, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करत आले आहे. लाईट आली की मोटार आपोआप चालू करायची, एवढेच त्या स्विचचे काम, आणि ते काम तो चोख करतो. घोटाळा होतो तो एकाच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारींना असे स्विच असले की. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. वीज येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उचलल्या की फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाळ कांदा पोसत असताना डीपी जळणे म्हणजे काय, हे कळवणच्या शेतकऱ्याला सांगायला नको. सुटा तपासला तर यातला एकही स्विच सदोष ठरणार नाही.

ठिबकचे वाल्व्ह, मोटार आणि ओलाव्याचे सेन्सर मोबाईलवरून चालवणारी सॉफ्टवेअर आता शेतात येत आहेत, म्हणून हा मुद्दा त्यांच्या कर्त्यांपुढे ठेवावासा वाटतो. युनिट टेस्ट आणि इंटिग्रेशन टेस्ट या वेगळ्या ठेवा, आणि पहिलीच्या भरवशावर माल शेतकऱ्याच्या हाती देऊ नका. युनिट टेस्ट प्रोग्रामचा एकच तुकडा तपासते: ओलावा ठरवलेल्या मर्यादेवर नेमका असेल तर पाणी सोडायचे की नाही, सेन्सरने काहीच आकडा दिला नाही तर काय करायचे. तिला खरी मोटार लागत नाही, खरे घड्याळही लागत नाही. वेळ बाहेरून पुरवली की चार तासांची पाळी क्षणात तपासून होते. पण वाल्व्ह उघडण्याचा तुकडा बरोबर आणि मोटार चालू करण्याचा तुकडाही बरोबर असताना मोटार आधी सुरू झाली, तर बंद वाल्व्हवर दाब चढून पाइप फुटू शकतो. पाणी चालू असताना वीज गेली आणि रात्री परत आली, तर राहिलेली पाळी पुढे चालवायची की नव्याने सुरू करायची? मोबाईलची रेंज नसताना दिलेला ‘बंद कर’ हा हुकूम तासाभराने पोचला तर? याची उत्तरे तुकड्यांच्या सांध्यात असतात, आणि तुकडे जोडून हे सांधे तपासते ती इंटिग्रेशन टेस्ट. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे मंगळयान हरवले, तेही अशाच सांध्यात. एक सॉफ्टवेअर पाउंडाच्या मापात आकडे देत होते, दुसरे ते न्यूटनचे समजून घेत होते.

यावर अभियंत्यांचा आक्षेप असतो की इंटिग्रेशन टेस्ट वेळखाऊ असतात आणि रेंज गेली, वायर सैल झाली तरी नापास होतात. मग त्यांच्याकडे लक्ष देणेच बंद होते. आक्षेप खरा आहे, आणि वेगळ्या मांडणीचा आग्रह त्यासाठीच आहे. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये कोंबल्या की संथ चाचण्यांपायी झटपट होणाऱ्याही कोणी चालवत नाही. दोन फोल्डर करा. युनिट टेस्ट कोडमधल्या प्रत्येक बदलाला चालाव्यात. इंटिग्रेशन टेस्ट रोज रात्री, आणि नवी आवृत्ती देण्यापूर्वी खरा स्टार्टर व खरा वाल्व्ह जोडून. त्या थोड्याच असू द्या, पण वीज जाणे-येणे, रेंज तुटणे आणि वाल्व्ह-मोटारीचा क्रम त्यात हवाच. मग इंटिग्रेशन टेस्टच पुरे, असेही कोणी म्हणेल. पण ती बिघाड आहे एवढेच सांगते. कुठे आहे ते शोधायला युनिट टेस्टच लागते.

छोट्या कंपनीकडे एवढी माणसे नसतात, हेही मान्य. तरी न घेतलेली चाचणी टळत नाही. ती शेतकऱ्याच्या विहिरीवर, त्याच्या खर्चाने होते. म्हणून यंत्र घेताना शेतकऱ्याने विक्रेत्याला आधी विचारावे: पाणी चालू असताना लाईट गेली आणि परत आली तर काय होते, ते आत्ता माझ्यासमोर करून दाखवता का? दाखवता आले नाही, तर पैसे देऊ नयेत.