'आरक्षन' लिहिणाऱ्याला हसू नका

मोर्चातल्या फलकावर कोणी 'आरक्षन' लिहिले की त्याचा फोटो काढून खिदळणाऱ्यांची मला चीड येते. फलक धरणारा काय मागतो आहे हे त्यांना वाचायचेच नसते. 'निवडनूक' लिहिणाऱ्याने मत मागू नये, 'लोकशाई' लिहिणाऱ्याला लोकशाही कळायची नाही, असे हे लोक बिनदिक्कत बोलतात. शुद्धलेखनाच्या आडून चाललेला हा जातीचा माज आहे.

वऱ्हाडात, खानदेशात कितीतरी घरांत बोलताना 'ण'चा 'न' होतो. आई 'पानी' म्हणते, तिचे लेकरू 'आरक्षन' लिहिते. कानावर पडले तेच हातातून उतरते. त्यात अडाणीपणा कुठे आला? मूळ संस्कृत शब्द 'पानीय'. त्यातल्या 'न'चा 'ण' झाला तो प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी. महाराष्ट्री प्राकृतात तर 'न'चा 'ण' सर्रास होई, 'नगर'चेही 'णअर' झाले. म्हणजे ज्या 'पाणी'वरून तुम्ही दुसऱ्याची जात ओळखता, तो शब्दही बोलणाऱ्यांच्या जिभेनेच वळवलेला आहे. इंग्रजांच्या 'लॉर्ड'चा आपण 'लाट' केला, 'गव्हर्नमेंट'मधला 'न' गिळून 'गव्हर्मेंट' लिहिले. तेव्हा कोणाची मान खाली गेली नाही, कारण लिहिणारे शिकलेल्या घरांतले होते.

नियम नकोत असे मी म्हणत नाही. साहित्य महामंडळाचे 14 नियम सरकारने 1962 साली मान्य केले, 1972 मध्ये आणखी 4 आले. पाठ्यपुस्तके आणि सरकारी आदेश एकाच पद्धतीने छापले जावेत यासाठी ते हवेतच. शाळेत 'ण' जरूर शिकवा. पण त्याच नियमाने माणसाचे तोंड बंद करू नका. ग्रामसभेत खणखणीत बोलणाऱ्या बायका अर्ज लिहायची वेळ आली की हसे होईल म्हणून कचरतात, दुसऱ्याकडून लिहून घेतात, आणि तो शहाणा त्यांची तक्रार शुद्ध करता करता बोथट करून टाकतो. हे नुकसान कोण भरून देणार?

संविधानाने मताधिकाराला अक्षरओळखीचीही अट घातलेली नाही. कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणे संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येते. 2005 चा माहिती अधिकार कायदा तर सांगतो की ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचे म्हणणे लेखी उतरवायला अधिकाऱ्याने मदत करायची. तेव्हा साहेब, 'आरक्षन' लिहिलेला कागद टेबलावर आला तर शेरा मागणीवर मारा, 'न'वर नको.