धाडसामागचा हिशेब

टिटवाळा-कल्याण पट्ट्यात लोकलच्या दारात लटकून कसरती करणाऱ्या पोरांचा एखादा व्हिडिओ फिरला की, सिनेमानेच ही पिढी बिघडवली, असे म्हटले जाते. जुने विनोदपट आणि स्टंटपट मात्र वेगळीच साक्ष देतात. ‘इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड’ (१९६३) या विनोदपटात एक विमान कोका-कोलाच्या जाहिरात फलकातून आरपार जाते. वैमानिक होता फ्रँक टॉलमन. फलक कागदाचा असेल, असे ठरले होते. निरोपाच्या गोंधळात तिथे लिननचे कापड लावले गेले. कागद फाटला असता. चिवट कापडाच्या धडकेने पंखांच्या पुढच्या कडा आतल्या मुख्य तुळईपर्यंत चेपल्या. टॉलमनने विमान धावपट्टीवर परत आणले, पण पडद्यासाठी काम करताना मृत्यू इतक्या जवळ कधीच आला नव्हता, असे तो मानत असे. सगळी तयारी असताना एका कापडाने हे केले.

आपल्याकडे परळच्या वाडिया मूव्हिटोनची नाडिया ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) गाडीच्या टपावर लढली, ती सर्कशीत अंग कमावून आलेली होती. तिकडे हॉलिवूडच्या बस्टर कीटनवर १९२८ च्या एका मूकपटात घराची अख्खी भिंत कोसळली आणि खिडकीच्या चौकटीत तो सुखरूप उभा राहिला, कारण उभे राहायची जागा आधीच मोजलेली होती. त्यांचे धाडस खरेच होते, पण ते मोजमापाच्या पायावर उभे होते. लोकलच्या दारातल्या पोराकडे यातले काहीच नसते. रुळालगतचा खांब किती अंतरावर आहे, हे त्याने मोजलेले नसते आणि टपावर चढला तर डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते.

दारात लटकणारे बहुतेक जण गर्दीमुळे लटकतात, हा आक्षेप रास्त आहे. ती माणसे कसरत करत नाहीत. त्यांना दंड नको, जादा गाड्या हव्यात. कसरतींपुरता कायदा हवाच, असेही म्हटले जाईल. तो आहे: ताकीद देऊनही टपावरून किंवा पायरीवरून प्रवास केल्यास रेल्वे कायद्याच्या कलम १५६ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण शिक्षेची भीती पोलीस दिसेपर्यंतच टिकते. त्यापेक्षा मुलांना धाडसामागचा हिशेब सांगावा; तो सांगितल्याने मोह वाढेल, ही शंकाही मला पटत नाही. मोह वाढतो तो हिशेब लपवून नुसती करामत दाखवल्याने. म्हणून शाळांनी मुलांना टॉलमनचे ते उड्डाण अवश्य दाखवावे आणि त्यासोबत कागदाच्या जागी आलेल्या कापडाची गोष्टही सांगावी.