अवतार कुणाचा?

परवा पाळी बदलली, एक दिवस सुटा मिळाला. काळ्या घोड्याजवळच्या म्युझियममध्ये शिरलो. आमच्यातले दोस्त म्हणतात, तिथं काय, मेलेल्या राजांचं सामान! मीही म्हणायचो.

आत मीरपूरखासचा बुद्ध बसलाय. सिंधमधला. पाचव्या शतकाच्या आसपासचा. दगडाचा नाही, भाजलेल्या मातीचा. कुरळे केस, अर्धे मिटलेले डोळे. मी थांबलोच. माझी आई वीटभट्टीवर राबली. आत ओल राहिली की वीट आगीत तडकते, हे मी शाळेआधी शिकलो. मग एवढी मूर्ती न तडकता भाजणारा कोण होता? त्याचं नाव कुठंच नाही.

हा बुद्ध काहू-जो-दडोच्या स्तूपावरचा. १९०९-१० साली हेन्री कझिन्सनं तिथं खोदकाम केलं. त्याआधीच रेल्वेच्या ठेकेदारांनी स्तूपाच्या विटा उपसून नेल्या होत्या.

तेवढ्यात एक गृहस्थ पोराला घेऊन शेजारी आला. म्हणाला, "बघ बाळा, हा विष्णूचा नववा अवतार." पोरगं मान हलवून पुढं गेलं.

आणि मी? गप्प. चौकात माईक फाटेस्तोवर ओरडणारा मी. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी ह्याच थापेविरुद्ध आहे. मला पाठ आहे. पण त्या गुळगुळीत मराठीपुढं जीभ टाळूला चिकटली. वाटलं, घर ह्यांचं, आपण पाहुणे. च्यायला, कुणी शिकवलं हे मला?

ठेकेदारानं विटा नेल्या, ते निदान चोरीसारखं दिसतं तरी. अवतारवाल्यांनी अख्खा बुद्ध नेला, आणि तोही हात जोडून. यज्ञाला नाही म्हणणाऱ्या माणसाला देव्हाऱ्यात नववा नंबर दिला की भांडणच मिटलं! बाबासाहेबांच्या फोटोला आज कोण कोण हार घालतंय, ते हात नीट बघा.

दोस्तांनो, मोर्चाला जा, गेलंच पाहिजे. पण ह्या दालनातही जा. पोरांना न्या. तिकिटाला पैसे नसतील तर वर्गणी काढू, जयंतीच्या डीजेला काढतोच की. आणि शेजारी कुणी अवतार म्हणाला तर माझ्यासारखे मुके होऊ नका.

पुढच्या सुट्टीला आईला नेणार आहे. तिला विचारायचंय, ही माती किती दिवस सावलीत वाळवली असेल. ती मोठ्यानं बोलते. बोलू दे.